बसलेला वेळ

मी नेमकं काय काम करते हे चौसाळ्यात मला कुणाला धड सांगता आलेलं नाही. लॅपटॉपवर लिहिते म्हटलं की लोकांना वाटतं मी ऑनलाइन फॉर्म भरून देते, आणि लगेच कुणीतरी सातबारा काढून दे म्हणून दारात उभं राहतं. पुण्यातल्या कंपनीचं काम आहे म्हटलं तर विचारतात, मग तू हितं कावून? आई गेल्यावर घाटनांदूरची मावशी आमच्याकडे राहायला आली होती. तिनं मात्र पिच्छा सोडला नाही. मी तिला समजावलं, की कुणी किती वेळ काम केलं ते टिपून ठेवणारं एक ॲप आहे, आजवर ते माणसं वापरायची, आता माणसांच्या वतीनं मशीन वापरणार आहे, आणि मशीननं ते कसं वापरायचं हे मी लिहिते. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि थोडा विचार केला.

"म्हंजी मुकादमाला मुकादमकी शिकवती," ती म्हणाली.

आमच्या जिल्ह्यात मुकादम कोण हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. ऊसतोडीच्या टोळीवर कोण आलं, कोण गेलं, कोण नुसतं बसून राहिलं, सगळ्यावर त्याचा डोळा. त्या महिन्यात मी हसले असेन तर तेवढंच.

ॲप तसं साधं आहे. वकील, कर सल्लागार, आर्किटेक्ट अशी माणसं ते वापरतात. काम सुरू केलं की टायमर चालू करायचा, उठलं की थांबवायचा, आणि कोणत्या क्लायंटचं काय काम केलं ते एका ओळीत लिहायचं. पण तेवढंही कुणाच्यानं होत नाही. टायमर चालू ठेवून माणसं जेवायला जातात, किंवा दिवसभर राबून चालूच करत नाहीत. म्हणून कंपनीनं ठरवलं, की हे सगळं एआय एजंटनं करायचं. तो माणसानं फाइल कधी उघडली, फोन कधी झाला, हे बघणार, नोंद स्वतः लिहिणार, आणि अडलं तर माणसाला विचारणार. त्याच्यासाठी मार्गदर्शिका लिहायचं काम माझ्याकडे आलं.

माणसांसाठी लिहिणं आणि एजंटसाठी लिहिणं यात फरक आहे. माणूस वाचतच नाही. तो दोन ओळी चाळतो, बटण दाबून बघतो आणि नडलं की आमच्या नावानं बोटं मोडतो. एजंट प्रत्येक अक्षर वाचतो आणि ते खरं मानतो. त्यामुळे 'शक्यतो', 'साधारणपणे', 'गरज वाटल्यास' असले शब्द, ज्यांच्यावर मी इतकी वर्षं पोट भरलं, ते एकेक करून काढावे लागले. 'थांबवा' आणि 'संपवा' या दोन बटणांतला फरक सांगायला मला अख्खं पान लागलं. थांबवलेलं काम पुन्हा सुरू करता येतं, संपवलेलं येत नाही. माणसाला हे कळतं, कारण तो आयुष्यात दोन्ही करून बसलेला असतो. मशीनला उदाहरणं द्यावी लागतात.

एका नियमासाठी मी पुण्यात भांडले होते. नोंदीत कुणासाठी आणि काय केलं हे कळत नसेल तर एजंटनं अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. आमच्या टीमच्या सरांचं म्हणणं होतं की सारखं विचारलं तर माणसं वैतागतील. मी म्हटलं, वैतागू द्या, खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं. सर वयानं माझ्याहून लहान, स्वभावानं चांगले. त्यांनी ऐकलं. मला वाटलं, चला, एक तरी वाक्य आपल्या मनासारखं झालं.

आता मी इथं का, तेही सांगते. माझं लग्न टिकलं नाही, ते जाऊ द्या. मी एकटीच लेक. वडलांना आम्ही आण्णा म्हणतो. आमचं घर मेंढरांचं. आण्णांच्या तरुणपणी मोठा कळप होता, धारूरच्या डोंगरापर्यंत चारायला जायचे. आता मेंढरं गेली आणि शेळ्या राहिल्या. पुण्याला माझ्या फ्लॅटवर चला म्हटलं की ते म्हणायचे, तुझ्या त्या डब्यात माझ्या शेळ्या कुठं बांधू? म्हणून मीच गावी आले. कंपनीनं बाकी सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं आणि मला एकटीला घरून काम करायची परवानगी दिली. ती दर वर्षी नव्यानं द्यायची असते. तेव्हा आई होती, म्हणून परवानगी गेली असती तरी आण्णांच्या ताटात कुणीतरी भाकरी वाढली असती. आई गेल्यावर ते माझ्याशिवाय घास तोंडात घालेनात. मी पुण्याला गेले असते तर ते शेळ्यांजवळ तसेच उपाशी पडून राहिले असते, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

आई तापानं गेली. बीडच्या दवाखान्यात नेली तेव्हा बोलत होती, शेळीच्या करडाला पाजलं का म्हणून विचारत होती. परत आणली ती गाडीत आडवी. याहून जास्त मला लिहवत नाही.

तेरावा झाला आणि माझी रजा संपली. पुण्याच्या हिशोबानं दुःखही तिथंच संपतं. आमच्याकडे तेराव्यानंतर खरी माणसं येतात. ज्यांना कळलं नव्हतं, जी कारखान्यावर होती, जी आजारी होती, ती सवडीनं येतात. याला बसायला येणं म्हणतात. चौसाळा हमरस्त्यावरचं गाव. बीडहून खाली जाणारा कुणीही एसटीतून उतरतो, पिशवी खांद्याला मारून घरी येतो आणि भिंतीला टेकून बसतो. बोलायचं असं काही नसतं. "लई चांगली होती" असं कुणीतरी म्हणतं, "हाय का आता" असं दुसरं म्हणतं, मग पुन्हा गप्प. घरातल्या माणसानं हातातलं काम टाकून समोर बसायचं. काम आहे म्हणायची सोय नाही. मेलेल्या माणसापेक्षा मोठं काम कोणतं, असा त्याचा अर्थ होतो.

आणि या बसण्याला सुरुवात नसते, शेवटही नसतो. आलेल्या माणसाला 'या' म्हणत नाहीत. जाणारा 'येतो' म्हणत नाही. असल्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून ही पद्धत. तो कधी आत आला हे आपल्या ध्यानात येतं तोवर तो बसलेला असतो, आणि मान वर करावी तर जागा रिकामी. कंपनीत आम्हीही तेच ॲप वापरतो; मी टायमर थांबवायचे ते त्यामुळे कधी उशिरा, कधी नाहीच.

नेमकं तेव्हाच एजंटची चाचणी आमच्या टीमवर सुरू झाली; टायमर अजून आमच्याच हातात होता, नोंदी मात्र तो लिहायचा. म्हणजे माझ्याच मार्गदर्शिकेवर शिकलेला एजंट माझेच दिवस लिहू लागला. सकाळी काही वेळ काम, मग मोकळी जागा, पुन्हा काम, पुन्हा मोकळी जागा. तो प्रत्येक वेळी नम्रपणे विचारायचा की या वेळेत काय केलं. मी लिहायचे, 'बसले होते'. 'बसायला माणसं आली होती'. तो ते निष्क्रिय वेळेत टाकायचा. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. बसणं म्हणजे काही न करणं, असंच कुठल्याही कोशात सापडेल.

आठवड्याच्या शेवटी सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, पाऊसपाणी झालं, जेवण झालं का तेही विचारून झालं. मग ते अडखळत म्हणाले की तुम्ही रोज दुपारी बसता का, म्हणजे वैयक्तिक बाब आहे, पण कामाच्या वेळात, आणि तेही लिहून ठेवता. मला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. पुण्यात बसणं म्हणजे बाटली घेऊन बसणं. तसं इकडचे पुरुषही त्या अर्थानं म्हणतातच की, "बसू का बे आज?" माझ्या आईच्या दुखवट्याची नोंद एका माणसानं दारूची बैठक म्हणून वाचली होती, आणि बिचाऱ्याला माझी काळजी वाटत होती.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. माफी मागून झाल्यावर म्हणाले, मला पटतं हो, पण वरच्या लोकांसमोर फक्त निष्क्रिय वेळ दिसणार, आणि तुमच्या परवानगीचा निर्णय याच महिन्यात आहे. तुम्ही असं करा, त्या वेळेला मीटिंग लिहा. मीटिंगमध्ये तरी कोण काय करतं, सगळे बसूनच असतात.

मला त्यांचं बोलणं आवडलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. रात्रभर... नाही, रात्रीचं काही सांगत नाही, मी मेल्यासारखी झोपले. दुसऱ्या दिवशी धारूरकडचे एक म्हातारे आले. आण्णांबरोबर मेंढरं घेऊन हिंडलेले. ते आईच्या फोटोकडे तोंड करून बसले आणि बराच वेळ काठीच्या टोकानं फरशीवर काही काढत राहिले. मी समोर बसले होते, पण माझं चित्त आतल्या खोलीत. टायमर थांबवला होता का? मला ते आठवेना. म्हाताऱ्यांनी आईविषयी काहीतरी सांगायला सुरुवात केली. आई नवी नवरी असताना वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, काय झालं होतं ते. मी "हं, हं" करत उठले, आत गेले आणि टायमर बघून आले. परत आले तेव्हा ते थांबले होते. पुढे काय झालं ते मी विचारायला हवं होतं. ती गोष्ट मला माहीत नव्हती, आणि म्हातारे पुन्हा काही आले नाहीत.

ते कधी उठून गेले कळलं नाही. मी आत जाऊन त्या वेळेपुढे लिहिलं, 'मीटिंग'.

एजंटनं लगेच विचारलं, कुणाबरोबर, कोणत्या क्लायंटसाठी? माझाच नियम, माझंच वाक्य, मी भांडून घातलेलं. मला आधी गंमत वाटली, मग संताप आला. एखादं नाव ठोकून दिलं असतं तर त्यानं गुमान लिहून घेतलं असतं. पण ज्याला शब्द न् शब्द मी शिकवला त्याच्याशी खोटं बोलायला बोट उठेना. मी लिहिलं, 'आईसाठी'.

उत्तर आलं: "'आई' या नावाचा क्लायंट यादीत नाही. नवीन जोडू का?"

आई गेली त्या दिवशी मी रडले नव्हते. दवाखान्यात कागद, गाडी, फोन, मग पाहुण्यांचं, मग तेराव्याचं. ते वाचून रडले, खुर्चीत, मशीनसमोर. तोंडात ओढणी कोंबून, कारण बाहेर आण्णा होते. मावशी आत आली आणि तिनं माझं डोकं पोटाशी धरलं. ती काय झालं म्हणाली, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. माणसं येतात, मी बसते, मशीन लिहितं, आणि असंच चाललं तर मला पुण्याला जावं लागेल. संध्याकाळी तिनं ते आण्णांना सांगितलं असणार.

कारण दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी बाज उचलून बाहेर फाटकाजवळ लिंबाखाली टाकली. शेळ्या शेजाऱ्यांच्या पोराबरोबर माळावर धाडल्या. कधी नव्हे ते शेळ्या माळावर आणि आण्णा घरी. रस्त्यावरून कुणी पिशवीवालं वळताना दिसलं की ते बाजेवर सरकून जागा करायचे. आलेला माणूस तिथंच बसायचा. बाया आत यायला निघाल्या की मावशी त्यांना बाहेरच गोधडी अंथरून द्यायची. एकदा मी खिडकीतून ऐकलं, कुणीतरी विचारलं, पोरगी दिसना कुठं? आण्णा म्हणाले, "कामावर गेलती, यायचीय अजून." मी तिथून दहा पावलांवर होते.

मला बरं वाटलं. हे कबूल करते, कारण तेव्हा खरंच बरं वाटलं. दार लावलं, पंखा लावला आणि लिहायला बसले. बाहेर माणसं आईविषयी बोलत होती आणि मला फक्त आवाज येत होते, शब्द नाही. मार्गदर्शिकेतली अडलेली पानं भराभर झाली. निष्क्रिय वेळ कसा ओळखावा या पानावर मी एक टीप घातली, की मराठवाड्यात 'बसायला' या शब्दाचा अर्थ दुखवटा असाही होतो, तेव्हा असा वेळ निष्क्रिय धरू नये, विचारावं. सरांना ती फार आवडली. वरच्यांनी ती जरा सुधारली. आता तिथं लिहिलंय, की असा शब्द आला तर रजेच्या विभागात टाकावा आणि शिल्लक रजा तपासावी. वाक्य स्वच्छ आहे. मला त्यात खोट काढता येत नाही.

मावशी घाटनांदूरला परत गेली. हळूहळू माणसं यायची थांबली. एक तर सगळ्यांचं येऊन झालं होतं, आणि फाटकातच गाठ पडते, घरातलं कुणी समोर येत नाही, हे चार गावांत पसरलं असणार. एका नात्यातल्या बाईनं फोनवर मला ऐकवलंच, की लई मोठी झाली गं, आईच्या मागं चार माणसांत बसायला सवड न्हाई.

महिना संपला. माझे दिवस एजंटनं असे लिहिले होते की बघत राहावं. कुठं मोकळी जागा नाही. सरांनी स्वतः फोन करून सांगितलं की परवानगी मिळाली, आणखी एका वर्षाची. त्यांचा आवाज खरोखर आनंदी होता. मीही आनंदानं थँक्यू म्हटलं. मग लॅपटॉप तसाच उघडा टाकून बाहेर पळाले.

आण्णा बाजेवर होते. शेळ्या नुकत्याच परतल्या होत्या आणि आण्णांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. दाढी वाढली होती. बनियन गळ्याशी सैल झालं होतं. ते इतके कधी वाळले हे मी बघितलंच नव्हतं, रोज दोन्ही वेळा त्यांच्यासमोर ताट ठेवत असून. मी उभ्या उभ्या सांगितलं, की आण्णा, झालं, मला आता कुठं जायचं नाही, वर्षभर मी इथंच आहे तुमच्याजवळ.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. रागावले असते तर मी भांडले असते, ते मला जमतं.

"हितंच हायस व्हय," ते म्हणाले. "बरं झालं. तुझी आई गेली तवापास्नं माझ्याजवळ कवा बसली न्हाईस गं तू. मला वाटलं, तू पुण्यालाच गेलती."

मी त्यांच्याशेजारी बसायला वाकले तेवढ्यात आत लॅपटॉप वाजला. एजंट काहीतरी विचारत होता. आण्णांनी तो आवाज माझ्याआधी ऐकला. आता ते तो ओळखायला लागले होते.

"जा, तुझं काम बघ," ते म्हणाले.

आणि मी गेले.